चष्मा आणि पूल

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग नाही, पाठ धरली आहे. पण भाव तोच समज.) तुझा गुडघा कसा आहे? गोळ्या घेतेस, की डॉक्टरांनाच शिस्त लावतेस? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

सुट्टीत आलीस तेव्हा आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवून गेलीस: ‘घरी राहिलेली वस्तू कोणीही पोचवणार नाही.’ पुढे दिवस कसे येतील सांगता येत नाही, पोरगी कणखर व्हायला हवी, असं म्हणालीस, आणि तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईपुढे मी मान डोलावली. दहा वर्षांची मुलगी कशी वाढवावी याबद्दल माझीही मतं आहेत, पण ती रोज बदलतात. (डायरीत नोंद आहे.)

पहिल्या महिन्यात डबा दोनदा राहिला, चित्रांची वही एकदा. आम्ही हललो नाही. मग गेल्या सोमवारी विज्ञान प्रदर्शनाचा पूल राहिला. आइस्क्रीमच्या काड्यांचा, तीन आठवडे खपून केलेला, चपलांच्या कपाटावर. तुझी भावजय कामावर निघता निघता म्हणाली, “अहो, शाळा पाच मिनिटांवर आहे. दगड आहात का?” मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. संध्याकाळी पोरगी आली, पूल नीट निरखून पाहिला, जेवली, झोपली. डोळ्यांत टिपूस नाही. मी म्हणालो, “मला फार जड गेलं गं.” ती म्हणाली, “माहितेय.” तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा: ही कणखर झाली, की कोडगी? घट्ट करायला गेलो आणि आतली मायाच आटली तर? डायरीची सहा पानं भरली.

गुरुवारी माझा चष्मा घरी राहिला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळतो. चष्म्याशिवाय ते विस्कटलेल्या लोकरीसारखे दिसतात. अकरा वाजता दारात एक खाकी शर्ट उभा राहिला. चार दिवस आम्ही प्लंबरची वाट पाहत होतो (हो, पाणीपुरवठ्याच्याच कचेरीत बेसिन गळतं), म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं, दंडाला धरून बेसिनपाशी नेलं आणि खाली वाकायला लावलं. ते मुकाट्याने वाकले. वायसर बदलावा लागेल, असंही सांगितलं. मग शिपाई धावत आला आणि त्यांना ‘साहेब’ म्हणाला. नवे कार्यकारी अभियंता. त्यांचं निदान बरोबर होतं, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल.

घरी आलो तर पोरगी दारातच, हातात चष्म्याचं घर. म्हणाली, “सकाळीच दिसला होता, बाबा. मला फार जड गेलं.” आणि माझी पाठ थोपटली. ही माया होती की टोमणा, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. पण चेहरा दिसायला चष्मा लागतो, आणि तो तिच्या हातात होता.

तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. तो कागद तेवढा तू स्वतः रद्द कर. पोरगी फक्त तुझं ऐकते. आपणहून सुचल्यासारखं लिही, माझं नाव नको.

ता. क. २. लपवून झोप येत नाही, म्हणून सांगतो. पूल मी शाळेच्या फाटकापर्यंत नेला होता. पाव तास उभा राहिलो आणि परत आणला. वाटेत एक काडी निखळली, ती चिकटवून जागच्या जागी ठेवला. कोणालाच माहीत नाही.

ता. क. ३. आत्या, मी आहे. बाबा हे पाकीट चपलांच्या कपाटावर विसरून गेले. नियमाप्रमाणे ते तिथेच राहायला हवं, पण मी पेटीत टाकतेय. त्यांना सांगू नकोस, नाहीतर रोज विसरतील. पत्र मी वाचलेलं नाही, फक्त ता. क. वाचले. काडी त्यांनी उलटी चिकटवली होती. म्हणून तर मी रडले नाही.