माझ्या नावाने गेलेली दोनशे बारा पत्रं

चि. भाचेबुवांस,

मंगळवार, अकरा मार्च, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं. ही वेळ आधी टिपून ठेव, मग मावशीचे आशीर्वाद घे. तुझी पाठ कशी आहे? खुर्ची बदललीस की अजून त्याच झोपाळ्यावर डुलत काम करतोस? माझी तब्येत सोमवारपर्यंत उत्तम होती. काल डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला, कारण पहिला आकडा त्यांना खरा वाटेना. कारण विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.

तुझी कंपनी जो ईमेलचा प्रोग्राम बनवते आणि जो तू स्वतः येऊन, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत माझ्या कॉम्प्युटरवर बसवून गेलास, त्याच्याविरुद्ध ही तक्रार आहे. मी चौतीस वर्षं ऑफिसात आवक-जावक सांभाळली हे तुला माहीत आहे. पाकीट आलं की आधी त्याची मागची बाजू बघायची, पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं, मग शिक्का, मग रजिस्टरात नोंद, आणि त्यानंतरच कात्री. (त्याआधी कॉन्व्हेंटात अकरा वर्षं मदर सुपीरियरच्या हाताखाली काढली. दुसऱ्याचं पाकीट उघडणाऱ्या मुलीला त्या जेवणाच्या हॉलमध्ये उभं करून तेच पत्र सगळ्यांसमोर वाचायला लावायच्या. मी एकदाच उभी राहिले.) अशा बाईला तू फिशिंगचे धडे देत होतास. अनोळखी लिंकवर क्लिक करू नकोस मावशी, म्हणालास. मी केलं नाही. तुझ्या प्रोग्रामने केलं.

झालं असं. वर लिहिलेल्या मंगळवारी, त्याच वेळेला पार्सल ऑफिसच्या नावाने एक ईमेल आली. आपलं पार्सल अडकलं आहे, इथे पाहा. मी काही मागवलेलं नव्हतं, म्हणून ती केराच्या टोपलीत टाकायला निघाले. पण टाकायची तर आधी तिच्यावर बोट ठेवावं लागतं, आणि बोट ठेवल्याबरोबर तुझ्या प्रोग्रामने आतली लिंक आपली आपण उघडून शेजारच्या चौकोनात मांडली. ही म्हणे सोय. तूच ती चालू करून गेला होतास, तुझा वेळ वाचेल मावशी, असं म्हणून. अरे, मी निवृत्त आहे, वाचवलेला वेळ ठेवू कुठे? आमच्या ऑफिसात एखाद्या शिपायाने न विचारता पाकिटं फोडून टेबलावर पसरली असती, तर संध्याकाळी त्याच्या हातात मेमो असता. तुमच्याकडे अशा शिपायाला बढती मिळते असं दिसतं.

बरं, त्या चौकोनावर पत्ता नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, काही नाही. प्रोग्रामचाच निळा रंग, त्याचीच अक्षरं, आणि आत लिहिलेलं की आपण बाहेर पडला आहात, पासवर्ड पुन्हा द्या. मला वाटलं प्रोग्रामच विचारतोय. घरातल्या माणसाने विचारलं तर आपण ओळखपत्र मागतो का? दिला मी पासवर्ड.

(मध्येच उठून दाराची कडी बघून आले. तिसऱ्यांदा. आता कोण काय उघडेल याचा भरवसा राहिलेला नाही.)

वीस मिनिटांत माझ्या यादीतल्या दोनशे बारा माणसांना माझ्या नावाने पत्र गेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोन करून मला ते वाचून दाखवलं, म्हणून मजकूर कळला: "खूप दिवस झाले. तुमची फार आठवण येते. आपले जुने फोटो सापडले, इथे पाहा." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोटो एक्स-रेचे आहेत का हो?" प्लंबर पान्यांची पिशवी घेऊन दारात हजर. म्हणे, "बाई, तुम्ही आठवण काढलीत म्हणजे पाइप फुटलाच असणार." आणि आमचे मोठे साहेब, वय वर्षं एक्क्याऐंशी, ज्यांनी चौतीस वर्षांत मला एकदाही बसा म्हटलं नाही, त्यांनी उलट उत्तर पाठवलं: "मलाही येते. पण तेव्हा कधी बोलता आलं नाही." आता या माणसाला मी काय कळवू? तुझ्या कंपनीत त्यासाठी काही बटण आहे का?

हे सगळं मी गिळलं असतं. पण यादीत तुझी आई होती. का होती, म्हणशील. होती. पुसायची राहून गेली.

आमची बोलाचाल का बंद झाली ते तुला माहीतच आहे. आमच्या आईचं शिलाई मशीन तिने मला न विचारता देऊन टाकलं, आणि मी तिला जे बोलले ते मी बोलले. अकरा वर्षं झाली. बुधवारी सकाळी तिचं उत्तर आलं, चांगलं लांबलचक. मशीन द्यायला नको होतं, असं लिहिलंय. रोज लिहायला घेते आणि पुसते, आणि शेवटी ताई, तूच आधी लिहिलंस, असंही लिहिलंय. खाली दोन ओळी आणखी: "फोटो काही उघडले नाहीत. पासवर्ड मागत होतं, तो दिला, तरी नाहीत." पाचव्यांदा वाचून झाल्यावर मी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली आणि त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला. तेव्हापासून घरात फेऱ्या मारतेय.

तरी तुझ्या कंपनीने, न विचारता लिंक उघडण्याचा अधिकार प्रोग्रामला कोणी दिला आणि उघडलेल्या पानाचा पत्ता का लपवला, याचा लेखी खुलासा करावा. कागदावर, सहीनिशी. ईमेलने आलेला खुलासा ग्राह्य धरला जाणार नाही.

तुझी,
मावशी

ता.क. पासवर्ड मी दोनदा दिला. पहिल्यांदा चुकला होता, आणि चुकीचा पासवर्ड देऊन निघून जाणं मला बरं दिसेना. हे खुलाशात घालायची गरज नाही.

ता.क. २. तुझ्या आईच्या कॉम्प्युटरवरही तू हाच प्रोग्राम बसवलायस. म्हणजे आता तिच्या यादीतल्या लोकांना आठवणी यायला लागतील. आजच जा, तिचा पासवर्ड बदल, ती सोय बंद कर. कारण विचारलं तर वार्षिक साफसफाई म्हण. ते पत्र मी लिहिलं नव्हतं हे तिला कळलं, तर तुझं माझं नातं संपलं असं समज.

ता.क. ३. खुलासा राहू दे. आत्ताच तुझ्या आईचा फोन आला होता. ती शनिवारी चार वाजता माझ्याकडे येतेय. अकरा वर्षांनी. फोटो एकत्रच बघू, म्हणाली. माझ्याकडे एकही फोटो नाही. आमचा लहानपणचा अल्बम स्कॅन करून देतो म्हणून तू घेऊन गेलास, त्यालाही सात वर्षं झाली. तो माझ्या हातात हवा, आणि तो सापडला की नाही हे लेखी हवं, शनिवारी दुपारी बाराच्या आत.