तपासणीच्या दिवशी दाराबाहेर

इलोइलो
शनिवार, १६ फेब्रुवारी २०१९

ती. तिया फेलिसा यांना
मारिवेलचा सा. न. वि. वि.

१. मंगळवारी, १२ तारखेला, माझ्या बारावीच्या संगणकाच्या तासाची तपासणी होती. मुख्याध्यापिका गोरेस मॅडम आणि जिल्हा कार्यालयातले दोन अधिकारी येऊन बसणार होते.

२. त्याआधी मी तो तास वर्गाकडून तीनदा बसवून घेतला. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, येत नाही त्याने डावा. पाहणाऱ्याला सगळेच हात वर दिसतात. आमच्याकडे बहुतेक शिक्षक असंच करतात.

३. तुमच्या जेझिएलने तिन्ही वेळा कुठलाच हात वर केला नाही. विचारलं तर म्हणाली, येत नाही तर हात कशाला वर करू.

४. मंगळवारी नऊ वाजता मी तिला पाहुण्यांचा खाऊ आणायला बाजारात पाठवलं. खाऊ मी आदल्या दिवशीच सांगून ठेवला होता. दुकानदारीण तो स्वतः शाळेत पोचवणार होती.

५. जेझिएल साडेनऊला परत आली. वर्गाचं दार लावलेलं होतं. मी तिला काचेतून पाहिलं. दार उघडलं नाही.

६. मला सर्वांत वरचा शेरा मिळाला.

७. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तिची पिशवी नव्हती.

ती तुमच्याकडे पोचल्याचं होडीवाल्या रुडीने त्याच रात्री कळवलं, म्हणून शोधाशोध केली नाही. फोन केला नाही, कारण फोनवर मी स्पष्टीकरण देत बसले असते. कागदावर लिहिलेलं मला नंतर फिरवता येणार नाही.

तास कशाचा होता, तेही तुम्हाला कळायला हवं. तीन शाखांची मुलं मिळून शाळेच्या कॅन्टीनसाठी फोनवरून मागणी नोंदवायची सोय करत आहेत. संगणकवाल्यांनी तिचा प्रोग्राम लिहिला, डिझाइनवाल्यांनी फोनवर दिसणारे पडदे आखले, कॅन्टीनमध्ये काय खपतं ते वाणिज्यवाल्यांनी विचारून आणलं. मंगळवारचा धडा होता, तयार केलेली वस्तू तपासायची कशी. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ज्याला जमत नाही, त्याला आधी वापरायला द्या.’ हे लिहायला मी वळले तेव्हा ती बाजारच्या रस्त्यावर असेल.

फेब्रुवारीच्या पलीकडे ती गैरहजर राहिली तर तिचं वर्ष जाईल. तुम्ही तिला माझ्या भरवशावर पाठवलं होतं. तुमच्या रागाला मी पात्र आहे. मायेचं मागणं आज करत नाही.

तुमची,
मारिवेल

---

ग्विमारास
मंगळवार, १९ फेब्रुवारी

चि. मारिवेल हिस
अनेक आशीर्वाद. रागावले असले तरी आशीर्वाद द्यावेच लागतात.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या वाचनात मला वाटलं, पोलीस ठाण्यातून आलंय. आकडे घालून लिहिलेली लाज मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तुझ्या काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, पोरगी लहानपणी आंबे चोरून आली तरी किती चोरले ते मोजून सांगायची.

इथे आल्यापासून जेझिएल कामाला लागली आहे. बागेतल्या आंब्यांना कागद गुंडाळते, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने. शाळेचं नाव काढलं की शिडी उचलून दुसऱ्या झाडाकडे जाते. मी विचारलं, बाई, परीक्षेचं काय? तर म्हणाली, मी नसले की वर्ग चांगला चालतो, हे आता सिद्ध झालंय. हे तिने रडत सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. तिने हिशेब सांगावा तसं सांगितलं. ही सवय कुणाची, ते तू ओळख.

आता माझं ऐक. तू नऊ वर्षांची असताना आमच्याकडे राहायला आलीस. पाहुणे आले की तू मागच्या दाराने पळायचीस, कारण तुला चारचौघांत बोलताच यायचं नाही. फादर जेवायला आले तेव्हा मी तुला दंडाला धरून त्यांच्या शेजारी बसवलं. तू त्यांच्या पांढऱ्या झग्यावर रस्सा सांडलास. मी दुसऱ्या रविवारीही तुला तिथेच बसवलं. मला लाज वाटली नव्हती असं समजू नकोस. खूप वाटली होती.

आणखी एक. जेझिएल तुझ्याबद्दल म्हणते, मानांगने मला पाहिलंच नाही, ती फळ्याकडे बघत होती. तू लिहितेस, पाहिलं. दोघींतली एक खोटं बोलते आहे, आणि ती स्वतःसाठी बोलत नाहीये.

तिला मी काही सांगणार नाही. जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही. सतरा वर्षांची आहे. या पाकिटात तिचाही कागद आहे. मी वाचलेला नाही, वाचला तरी मला कळला नसता. सोबत पानात बांधलेल्या चिकटभाताच्या पुड्या पाठवते. पान उघडण्याआधी वाफव, तशीच थंड गिळू नकोस.

जेवत जा. माया आहे तेवढीच आहे, सध्या जरा उन्हात वाळत घातली आहे.

तुझी तिया,
फेलिसा

---

ग्विमारास
१९ फेब्रुवारी

मानांग मारिवेल हिला
सा. न.

शाळेत मी तुला मॅडम म्हणते. हा कागद शाळेच्या कामाचा आहे, पण पाकीट आईचं आहे, म्हणून घरच्यासारखं मानांग, ताई, असं लिहिलं.

मंगळवारी दुकानदारीण म्हणाली, खाऊ मीच पोचवणार आहे, तुला कुणी पाठवलं? मी परत आले. दार लावलेलं होतं. मग मी कॅन्टीनपाशी बसले आणि आपली मागणीची सोय येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या फोनवर वापरायला दिली. फळ्यावरचं वाक्य मला दाराच्या काचेतून दिसलं होतं. एकंदर अकरा माणसं झाली.

पाच जणांची मागणी नोंदली गेली. ते सगळे विद्यार्थी होते. सहा जण पहिल्याच पडद्यावर अडले. तिथे इयत्ता आणि तुकडी भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झाडूवाल्या दोघी, माळी, ड्रायव्हर, स्वयंपाकीण आणि फाटकावरचे मानोंग तेरिओ यांना तुकडी नाही. मानोंग तेरिओंनी तीनदा प्रयत्न केला. मग फोन परत देताना म्हणाले, म्हणजे आम्ही जेवायचं नाही असं ठरलंय का, पोरी? ते हसत होते.

वर्गातल्या तालमीत हे सापडलं नसतं. तिथे सगळ्यांना तुकडी आहे.

एवढंच. चूक लिहिणाऱ्या मुलांची नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

जेझिएल

---

इलोइलो
शुक्रवार, २२ फेब्रुवारी

प्रिय जेझिएल हिस
अनेक आशीर्वाद. तिया फेलिसांना माझा नमस्कार सांग. भात वाफवूनच खाल्ला.

तुझा कागद काल वर्गात मोठ्याने वाचला, तुझं नाव घेऊन. नोएल, ज्याने तो पहिला पडदा लिहिला, म्हणाला की मानोंग तेरिओंना मी रोज सकाळी नमस्कार करतो, मला हे कसं सुचलं नाही. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, नमस्काराला तुकडी लागत नाही म्हणून. कुणी फारसं हसलं नाही. मग तुला बाजारात का पाठवलं होतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. चाळीस मुलांना माहीत होतं, आणि मी दहा दिवस त्यांच्यासमोर उभी राहून शिकवत होते.

गोरेस मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, तपासणीला कच्ची मुलं मीही ग्रंथालयात बसवायचे, आता या वयात मला कशाला आठवायला लावतेस. शेरा बदलायचा तर वर लिहावं लागेल, तुझी नेमणूक अजून कायम नाही, विचार कर, असंही म्हणाल्या. मी अर्ज दिला आहे. त्याचं काय होईल ते माहीत नाही. त्याचा तुझ्या येण्याशी संबंध नाही. तो मी तू न आलीस तरी मागे घेणार नाही.

तियांना मी लिहिलं की काचेतून तुला पाहिलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. तू माझ्याकडेच बघत होतीस. आपली नजर भेटली. मी आधी फळ्याकडे वळले. तू आईला सांगितलंस की मी तुला पाहिलंच नाही. यापुढे माझ्यासाठी असं सांगू नकोस.

शुक्रवारी, १ मार्चला, सकाळी नऊ वाजता तोच तास मी पुन्हा घेणार आहे. तालीम नाही. ज्याला येत नाही त्याने हात खाली ठेवायचा. मानोंग तेरिओ येणार आहेत, गोरेस मॅडम मागे बसणार आहेत. पहिला पडदा मुलांनी बदलला आहे, पण तो अजून कुणालाही वापरायला दिलेला नाही. ते काम तुझं आहे. तुला उभं राहून बोलावं लागणार नाही. तुझा बाक खिडकीपाशी होता तिथेच आहे. घरी तुझी चटई मी उचललेली नाही.

तू आलीस तरी झालं ते पुसलं जात नाही, हे मला कळतं.

येणार की नाही, ते बुधवारी, २७ तारखेच्या सकाळच्या होडीने रुडीबरोबर कळव. एक ओळ पुरे. नाही असलं तरी कळव.

तुझी,
मारिवेल