बाहेरच्या फळीवरचा बिल्ला

तीर्थस्वरूप वहिनींना, वाकून नमस्कार.

माझी काळजी करू नका, खानावळवाला पोटभर वाढतो. छकुलीचा खोकला थांबला का?

बोगदा ढासळला त्या दिवशी मी घाईघाईने कळवलं होतं, ‘दादा आधीच बाहेर पडलाय, मला पक्कं माहीत आहे.’ वहिनी, मला ते माहीत नव्हतं. इथे कामावर जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला ‘आत’च्या फळीवर अडकवायचा, सुटल्यावर ‘बाहेर’च्या. दादाचा बिल्ला मी बाहेरच्या फळीवर पाहिला. दादाला पाहिलं नव्हतं.

काल त्याचा जोडीदार दवाखान्यात बोलता झाला. फळीपाशी रांग लागते, ती टाळायला जोडीतला जो पुढे निघतो, तो दोघांचे बिल्ले ‘बाहेर’च्या फळीवर हलवून टाकतो. सगळेच करतात, मीही केलंय. दादा त्याला म्हणाला होता, “तू हो पुढे, मी पहार घेऊन आलोच.”

आता ढिगारा उपसणंही थांबवलंय. मुकादम म्हणतो, धीर धरा. इंजिनियर नुसती मान हलवतो. ज्याला त्याला काहीतरी वाटतंय, आत जाऊन बघून कोणीच आलेलं नाही. मला विचाराल तर, सगळं संपलं असंच वाटतं. पण तेही वाटणंच. एकदा तोंडघशी पडलोय.

आईला तुम्हीच सांभाळून सांगा. माझ्याच्याने होणार नाही.

आज सकाळी मी दादाचा बिल्ला काढला आणि ‘आत’च्या फळीवर अडकवला. वहिनी, माहीत आहे ते एवढंच.

तुमचा धाकटा दीर