हिने नावं ठेवली नाहीत

१२ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचे. घाटात डोळे मिटून बसलो होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी मी चालवतोय, तुम्ही कशाला दमताय?" त्याला काय सांगू, सगळा घाट मी मागच्या सीटवरून ब्रेक दाबत होतो!

खोल्या बऱ्या आहेत. मध्ये एक छोटं स्वयंपाकघर आहे, पण सुनेने आल्या आल्या हिला बजावलं – आई, चहापलीकडे इथे काही करायचं नाही, आठवडाभर बाहेर जेवायचं. दाराची कडी सैल आहे. खुर्ची लावून ठेवली.

माझी काळजी निराळीच. ही आणि बाहेरचं जेवण! हिने तीस वर्षं घरून डबे दिले. उकळत्या पातेल्यावर नुसती वाकते आणि वासावरून सांगते, मीठ कमी की जास्त. चमचा जिभेला लावत नाही. बाहेर जेवायला नेलं की पहिल्या घासाला कपाळावर आठी. मुलाच्या लग्नात आचाऱ्याला बोलावून घेऊन सुनावलं होतं. सून मागे एकदा म्हणाली होती, आईंबरोबर हॉटेलात जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. ही तेव्हा आत होती. ऐकलं असेल का, कोण जाणे.

आठवडा भांडणाशिवाय जावो म्हणजे झालं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

मुलगा फोनमधले तारे बघून हॉटेल ठरवतो. आजच्याला खूप तारे होते म्हणे. टेबलावर फुलं, भिंतीवर बर्फाचे फोटो, आणि सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तिघेही हिच्या तोंडाकडे बघत बसलो. हिने शांतपणे वाटी संपवली.

"छान आहे," म्हणाली.

सुनेने मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, आईला डोंगर मानवला. सगळे हसलो. मीही हसलो.

१४ ऑक्टोबर, बुधवार

मासा आतून कच्चा, बटाटे दगड. हिने दोन्ही संपवलं. "छान आहे." पोट बिघडेल या भीतीने मी अर्धं ताट ठेवलं, तर मलाच म्हणते, अन्नाला नावं ठेवू नयेत! ही म्हणते!

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी एकटाच पाय मोकळे करायला गेलो. बस थांबते त्याच्यामागे उतारावर एक खोली आहे. पाटी नाही, तारे नाहीत. चार बाकं, काचांवर वाफ. एक जाडजूड बाई मोठ्या पातेल्यात सूप ढवळत होती. चालक, लाकडं वाहणारे, पोस्टातला माणूस – सगळे वाटीत नाक घालून गप्प बसलेले. जिथे गिऱ्हाईक जेवताना बोलत नाही तिथलं जेवण चांगलं, हे हिचंच म्हणणं. मीही एक वाटी घेतली. घेवडा, कांदा, मिरपूड, वर लोण्यात परतलेला लसूण. काय सांगू! कानातून वाफा निघाल्या. या डोंगरावर कुणी विचारलं कुठे जेवावं, तर इथे. दुसरीकडे जाऊ नये.

दुपारी सगळ्यांना ओढून नेलं. मुलगा पहिल्यांदा कुरकुरला, मग तीन वाट्या प्यायला. मी हिच्याकडे बघत होतो. म्हटलं, आता खुलेल.

"छान आहे," म्हणाली. त्याच आवाजात. भांडी विसळलेल्या पाण्याला जो आवाज होता, अगदी तोच.

सूपवालीलाही ते लागलं असावं. वाट्या उचलताना म्हणाली, आजींना आवडलं नाही वाटतं.

हिच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी चव गेली. भाजी करपली तरी मिटक्या मारत खायचा. त्याची बायको चेष्टा करायची, मिळाला बाई गरीब गाईसारखा नवरा. दोन वर्षांनी तिलाच विचारायला लागला, बाई, आपण कोण?

नको ते लिहितोय. पुरे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

दूध करपलं. ही शेगडीपासून हातभर अंतरावर उभी होती. वास मला आतल्या खोलीत आला, सून अंघोळीवरून धावत आली. ही खिडकीतून डोंगर बघत होती. "अगं बाई," म्हणाली आणि हसली.

मग मी एक वाईट गोष्ट केली. चहा मी करतो म्हटलं. हिच्या कपात साखर घातलीच नाही. ही तीन चमच्यांची गिऱ्हाईक! सावकाश प्यायली. कप खाली ठेवला. "छान झालाय हो."

फिरायला जातो सांगून सूपवालीकडे गेलो. भूक नव्हती. ती बटाटे सोलत होती, मी बोलत सुटलो. परक्या बाईला घरातलं कशाला सांगितलं, देव जाणे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग विचारा की त्यांनाच."

"विचारलं आणि हो म्हणाली तर?"

तिने एक बटाटा आणि एक सुरी माझ्यासमोर ठेवली. बराच वेळ दोघं सोलत बसलो. बरं वाटलं थोडं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं!

मुलगा-सून तारांवरच्या पाळण्यात बसायला गेले. मी असल्या पाळण्यात बसणार नाही, म्हणून ही माझ्याबरोबर खाली बाकावर थांबली. उन्हं चांगली होती. मी इकडचं तिकडचं बोललो, मग म्हटलं, कालचा चहा कसा होता गं?

ही गालातल्या गालात हसली. "बिनसाखरेचा. कपात चमचा वाजला नाही, तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"जन्मात पहिल्यांदा हातात कप आणून दिलात. त्याला नावं ठेवू?"

मग सगळं बाहेर आलं. सुनेचं ते परीक्षेचं बोलणं हिने ऐकलंच होतं. मनाला लागलं होतं. इथे येताना ठरवून आली – आठवडाभर तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही, काय वाढतील ते गोड मानायचं. आणि दूध? "डोंगर बघत होते हो. घरी कधी बघायला मिळतात?"

मी काय करावं! टोपी काढली, पुन्हा घातली. माझा कान कधी इतका तिखट नव्हता, आणि ही म्हातारी चमच्याच्या आवाजावरून साखर ओळखते! हिच्या डोक्याला काय धाड भरली आहे! मीच खुळा. सुतावरून स्वर्ग गाठायची खोड आहे मला, ती काही जायची नाही.

पाळण्यातून उतरल्यावर सून म्हणाली, बाबांचा चेहरा आज उजळलाय. रात्री ताऱ्यांच्या हॉटेलात तेच रद्दड जेवण, मी सगळं संपवलं.

हिला म्हटलं, उद्या शेवटचा दिवस. व्रत सोड आता. जे वाटेल ते बोल.

"बघू," म्हणाली.

१८ ऑक्टोबर, रविवार

निघालो. वाटेत सूपवालीकडे थांबलो. मुलाने-सुनेने घाटात पोट जड नको म्हणून नुसती कॉफी घेतली. आम्हा दोघांना सूप.

ही वाटीवर वाकली, जुन्या सवयीने. एक चमचा घेतला. कपाळावर आठी आणली.

"मीठ कमी आहे हो."

मुलगा मोठ्याने हसला. आल्या आमच्या आई परत, असं सून म्हणाली आणि हिच्या खांद्याला बिलगली. मला तर नाचावंसं वाटलं.

मग मी माझा चमचा तोंडात घातला.

खारट होतं. घशाखाली उतरेना इतकं. वाटी एकाच पातेल्यातली.

चमचा वाजला नाही, एवढंच काल म्हणाली होती. चहा गोड लागला नाही, असं म्हणाली नव्हती.

वर बघितलं तर ही माझ्याकडेच बघत होती. मुलगा हसत होता, सूपवाली पातेल्याजवळ थांबली होती, आणि हिची नजर माझ्यावर – जमलं का, असं विचारणारी.

"हो, कमीच आहे," मी म्हटलं. मिठाची बाटली उचलली आणि आधी माझ्या वाटीत घातलं.