एकेचाळीस वह्या, तीन नोड

३ फेब्रुवारी, सोमवार
संकल्प. काशिनाथकाकांच्या एकेचाळीस वह्या कॉम्प्युटरवर आणायच्या. काशीत दशाश्वमेधावर आमच्याकडे उतरलेल्या यजमानांच्या सात-सात पिढ्या त्यांत आहेत. सगळं मोडीत, तेही घराण्याच्या आखूड खुणांत. वाचणारे एकटे काका. वय शहाऐंशी, डावा डोळा गेलेला. ते वाचतील, मी टाइप करीन. पण कच्चं काम मला जमत नाही. आधी कुबरनेटीस नावाचं सॉफ्टवेअर. तीन जुन्या मशीन, म्हणजे नोड, जोडून एक क्लस्टर. एक बसली तर दुसरी काम उचलते. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

५ फेब्रुवारी
मालविका म्हणते, काकांसमोर मोबाइल रेकॉर्डिंगला ठेव आणि त्यांना बोलू दे. बायको संस्कृतची एम.ए. उद्या वह्या चारशे झाल्या तर स्केलिंग कसं करायचं, हे तिला काय सांगणार.

११ फेब्रुवारी
काकांनी विचारलं, हे कुबेराचं कसलं अनुष्ठान मांडलंयस. समजावलं. म्हटलं, आत पॉड असतात, एक मेला की तत्क्षणी तसाच दुसरा जन्माला येतो. काका पान लावता लावता थांबले.
"काशीत बसून पुनर्जन्माची सोय करतोस? लोक इथं मरायला येतात ते परत यायला लागू नये म्हणून, भइया."
वडीलधाऱ्यांचा टेक्नॉलॉजीला विरोध असायचाच. मुद्दा सोडून दिला.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११
दोन नोड 'रेडी', तिसरा 'नॉट रेडी'. पंधरा दिवस काल संपले. ते अंदाजे होते.
काका आंघोळ करून, चष्मा पुसून, वही मांडीवर घेऊन बसले होते. म्हटलं, अजून नाही. जेवायची हाक येईपर्यंत तसेच बसून होते.

२६ फेब्रुवारी
शिवरात्र. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून दिवसभर घरी. दुपारी तिन्ही रेडी. चारला बिजली गेली. आली तेव्हा राउटरनं तिन्ही मशीनना नवे पत्ते वाटलेले. कोणी कोणाला ओळखेना. पुन्हा पहिल्यापासून. दोष राउटरचा.

८ मार्च
काकांना उजव्या डोळ्यानंही ओळी वाकड्या दिसू लागल्या. मालविका म्हणाली, आता तरी मोबाइल ठेव. म्हटलं, काका हे सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहेत, ते थांबले की सगळं थांबलं, म्हणून तर ही खटपट. तिनं ताट जरा जोरात ठेवलं.

१७ मार्च, संध्याकाळ
तिन्ही नोड रेडी! काकांना सांगितलं, उद्या सकाळी पहिली वही. म्हणाले, बरं.

१८ मार्च
मालविका चहा घेऊन गेली. काका उठले नाहीत.

२९ मार्च
बारावा. काकांना मूलबाळ नाही, मीच बसलो. काकांचा पिंड पितरांच्या पिंडांत मिळवायचा म्हणून देवदत्तशास्त्रींनी तीन पिढ्यांची नावं मागितली. काकांचे वडील महादेव, आजोबा गोपीनाथ. पणजोबा? आठवेना. काकांना तोंडपाठ होतं. घराण्याची वंशावळही वह्यांतच आहे, म्हणून मालविकानं वही आणून दिली. शास्त्रींनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, माझ्यापुढे ठेवलं.
"हे आता कोण वाचणार, विश्वेशराव?"
म्हटलं, पुण्यात मोडीवाले असतात. शास्त्री म्हणाले, मोडी वाचतील, खुणा कोण वाचणार. नाव ठाऊक नसलं तर शास्त्रात त्याचीही सोय आहे. तसंच केलं. मालविकानं वही उचलून जागेवर ठेवली.
संध्याकाळी बघितलं. तिन्ही नोड रेडी. बारा दिवसांत क्लस्टर एकदाही पडलेला नाही. आत काहीच नाही, पडेल कशानं.