पोळ्याच्या दिवशीचा लाल झेंडा

९ सप्टेंबर २०१८, पोळा

डोकं भणभणतंय! सकाळ किती छान होती – बाबांची बैल हाकायची काठी मी गुलाबी रंगवली, मग नाल्यावर दोघांनी मिळून बैल धुतले.

दुपारी नाल्याच्या खालच्या अंगाला बसवलेलं यंत्र बघायला गेले. ते पाण्याचा गढूळपणा सतत मोजतं, त्यावरून जंतूंचा अंदाज निघतो. अंदाज चढला की तपासणीला बाटल्या भरायच्या आणि पाणी पिऊ नका म्हणून आमच्या सोनाळ्यात लाल झेंडा लावायचा – हीच माझी नोकरी. आकडा भडकलेला. एक बाटली यंत्रापाशी भरली, एक नाल्याच्या पार वर, कय्यूमभाईंच्या बकऱ्यांच्या वाड्याखाली. झेंडा लावला.

शेजारच्या शालिग्रामकाकांनी विचारलं, "घान कुठून येऊन राह्यली वं?"

मी घाईत म्हणाले, "वरून."

तेवढंच पुरलं! वर तर एकच वाडा, कय्यूमभाईंचा. बीटी कपाशी गेल्या वर्षी बोंडअळीनं खाल्ली, यंदाही तेच, घरोघरी पोरांना हगवण – माणसं आधीच पेटलेली. "कय्यूम पानी नासोते बे!" कुंपण मोडलं, बकऱ्या ठेचल्या, मग कय्यूमभाईंना घेरलं. मी ओरडतेय, पण गर्दीपुढे काही दिसेना. गर्दी फुटली तेव्हा ते खाली पडलेले. डोळ्याच्या जागी रक्त.

हलकट! सगळे हलकट!

१० सप्टेंबर

कय्यूमभाई अकोल्याला, दवाखान्यात. शुद्ध नाही.

१२ सप्टेंबर

बाटल्यांच्या तपासणीचा अहवाल आला. वाड्याखालच्या पाण्यात जंतू नेहमीइतकेच. यंत्रापाशी कितीतरी पट. आणि दोन्हींच्या मधे – बैल धुवायची जागा! अख्ख्या गावाच्या बैलांचं शेण-मूत. आमच्यासुद्धा. यंत्र जंतू किती ते सांगतं, कुणाचे ते नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी बोलून मोकळी झाले.

बाबांना सांगितलं. "चूप राय. कोनाले सांगू नोको."

"मानूस मरून राह्यला, बाबा!" ताट भिंतीवर आदळलं मी. ते नजर उचलेनात.

१४ सप्टेंबर

कय्यूमभाईंना शुद्ध आली. डोळा गेला. त्यांच्या बायकोनं, जमीलाभाभींनी, त्यांचा त्या दिवशीचा सदरा पुढे केला. "धुतला तरी हे जाऊन नाही राह्यलं, बेटी. काय आहे हे?"

खांद्यावर पट्टा. गुलाबी. ऑइलपेंट.

काठी वाळायच्या आतच बाबांनी उचलली होती.

१५ सप्टेंबर

ठाणेदारांनी विचारलं, मारणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता? मी म्हणाले, पुंजाजींना. माझे वडील आहेत.