मामाचा मान

२१ ऑगस्ट, गुरुवार

मार्था पेढे घेऊन आली. तिच्या ब्लेसनला शिरूरच्या विद्यापीठाच्या दोन नंबर होस्टेलला खोली मिळाली म्हणे. "दादा, तुझंच होस्टेल. आता मला पोराची काळजी न्हाई." नवरा, पीटर, गेल्यापासून बहीण पहिल्यांदा अशी हसली. मी पेढा खाल्ला. मग ड्यूटीवर जाऊन गेटवरच्या वॉचमनला विनाकारण झापलं.

तिला काय ठाऊक! दोन नंबरला बारसं असतं. दर सप्टेंबरात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. सकाळी कुलगुरू, शाल, नारळ, भाषणं. दुपारी जेवणं उरकली की जुनी मंडळी आणि वरच्या वर्गातली पोरं होस्टेलच्या मेसमध्ये जमतात, नव्या पोरांना शर्ट काढून भिंतीकडं तोंड करून उभं करतात आणि कमरेच्या पट्ट्यानं हाणतात. मारता मारता जे तोंडाला येईल ते नाव ठेवतात. ते नाव मरेपर्यंत चिकटतं. माझं 'पाद्री'. आज कुरकुंभच्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे, पण निम्मी कंपनी दोन नंबरची, त्यामुळं प्लांटवर मी पाद्रीच. डाव्या खांद्याखाली बक्कल लागल्याचा व्रण आहे. इवाला लग्नानंतर सांगितलं, सायकलवरून पडलो होतो.

२२ ऑगस्ट

इवाशी भांडलो. भाजीत मीठ बरोबर होतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज विश्वजीतसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर, पाटसकडचे, घरचा भरपूर ऊस, आणि माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. होस्टेलला मला दोन वर्षं पुढं होते. माझं बारसं त्यांनीच केलेलं. ही नोकरीही त्यांनीच लावली. इवाच्या ऑपरेशनला रक्त लागलं तेव्हा त्यांच्या एका फोनवर दोन नंबरची माणसं शिफ्ट सोडून दौंडच्या दवाखान्यात आली, कॉटवर पडली, बाही वर करून. माझ्याच शिफ्टचा हौसराव पहिला. हे खोटं नाही, आणि म्हणूनच तर घशात अडकतं.

म्हटलं, "साहेब, माझा भाचा आहे यंदा. बहीण विधवा, एकुलतं एक पोरगं. त्याला सोडा."

साहेब खुर्चीतून उठून हसले. "पाद्र्या, तुझा भाचा? अन् आत्ता सांगतोस व्हय? मग तर पहिला पट्टा तुझा!"

ही रीत मी साफ विसरलो होतो. नव्या पोराच्या घरचा कुणी आपल्या होस्टेलचा असला, तर पहिला पट्टा त्यानं मारायचा. साहेब म्हणाले, "जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात का न्हाई? मग हे परक्याच्या हातनं कसं? मामाचा मान हाय गड्या."

गप्प बसलो असतो तर गर्दीत एक पोरगं म्हणून चार पट्ट्यांत सुटला असता. आता साऱ्या मेसची नजर त्याच्यावर. मीच करून ठेवलं हे. अक्कल गहाण ठेवून गेलो होतो केबिनमध्ये.

३० ऑगस्ट, शनिवार

होस्टेलच्या रेक्टरांना फोन केला. ते सगळं ऐकून म्हणाले, "मेळाव्याच्या दिवशी दुपारी मी झोपतो. आणि तुम्ही तर आमचेच ना?" रेक्टरही दोन नंबरचेच. फोन भिंतीवर मारला. काच गेली.

३१ ऑगस्ट, रविवार

गाडी काढून शिरूरला गेलो. निमोण्याच्या फाट्यावर ब्लेसनला बोलावलं, चहा पाजला, सगळं सांगितलं. हॉटेलाच्या मागं नेऊन शर्ट वर केला आणि व्रण दाखवला. पोरगं बघत राहिलं. घाबरेल वाटलं होतं. म्हणाला, "मामा, पण सगळ्यांचंच होतंय ना?"

"तू निघ तिथून. दौंडवरून येऊन-जाऊन कर."

"आन् मग मला कोण विचारणार? आमच्या वर्गात दोन नंबरची पोरं बेंचवर माझ्यासाठी जागा धरत्यात. तुमचं वाईट काय झालं सांगा. नोकरी लागली, मामींना रक्त मिळालं."

हात वर गेला होता माझा. कानाच्या अगदी जवळ. खाली घेतला, चहाचे पैसे दिले, निघालो. न्हावऱ्यापर्यंत गाडी कशी चालवली देव जाणे.

७ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना गाठलं. नाव न घेता विचारलं. म्हणाले, दुसरा गाल पुढं करा. गालाचं ठीक आहे, पाठीचं काय? पाळकसाहेबांना एक टर्म दोन नंबरला राहायला पाठवलं पाहिजे.

मार्था माझ्या शेजारीच उभी होती. मेळाव्याला घालायला मला पांढरा शर्ट शिवून आणलाय तिनं. म्हणते, "पोराच्या विद्यापीठात मामा नीटनेटका दिसायला पायजे." तिला काही सांगितलं नाही. सांगायचंय, पण तोंड उघडलं की शिव्याच येतील.

१३ सप्टेंबर

उद्या मेळावा. जाणार नाही.

जाणार.

१४ सप्टेंबर, रविवार

शर्ट फाटलाय. गाल सुजलाय. सगळं लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी मंडप. विद्यापीठ माय, माजी विद्यार्थी लेकरं, नाळ तुटत नाही, असं कुलगुरू अर्धा तास बोलले. विश्वजीतसाहेबांना आदर्श माजी विद्यार्थी म्हणून फेटा बांधला. मी टाळ्या वाजवल्या. सवय!

मग मटण. मग मेसची दारं लागली. आतून कडी.

टेबलं भिंतीला सरकवली. नवी पोरं उघडी, ओळीनं, भिंतीला तोंड. पहिल्याला चौघांनी धुतला. वळ उठले. दुसरा ओरडला, त्याला त्यासाठी जास्त. तो खाली बसला तर काखेत हात घालून उभा केला. पट्टा लागला की लोक हसत होते, आणि मधेच कुणीतरी विचारत होतं, "काय रे, गाव कुठलं? वडील काय करत्यात?" अगदी आपुलकीनं! पाठीवरून रक्त गळतंय आणि हे वडिलांची चौकशी करतायत. नोकरी पाहिजे असली तर सांग म्हणतायत. माझ्या वेळी असंच होतं. तेव्हा मला भिंत तेवढी दिसत होती. आज त्यांची तोंडं दिसली.

तिसरा ब्लेसन.

साहेबांनी फेटा काढून खुंटीला अडकवला. स्वतःचा पट्टा माझ्या हातात दिला. "आधी मामा!" सगळ्यांनी टाळ्या धरल्या. मामा, मामा, मामा.

पोराची पाठ. लहानपणी या पाठीला मी तेल लावलंय, पीटर आजारी होता तेव्हा. हाडं मोजता येतील इतका बारीक. पट्टा घेऊन उभा होतो आणि खरंच वाटलं, एक हळूच मारावा, मान राखावा, घरी जावं. वाटलं, लिहितोय.

ब्लेसननं मान वळवली आणि बारीक आवाजात म्हणाला, "मारा मामा. हळू नका मारू, हसतील."

मग मला राहवलं नाही. बक्कलचं टोक बाहेर ठेवून पट्टा फिरवला तो विश्वजीतच्या तोंडावर. भुवई फाटली. तो "अरे—" म्हणाला, तेवढ्यात दुसरा, जबड्यावर. खाली पडला. छातीवर बसलो. किती मारलं माहीत नाही. पट्टा सुटला मग हातानं मारलं. दात माझ्या बोटाला लागला. लोकांनी केस धरून ओढलं, पाठीत लाथा, बरगडीत लाथा. हौसराव ओरडत होता, "पाद्र्या सोड, मरंल त्यो!" सोडायचं नव्हतं मला. बरं वाटत होतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

कडी कुणीतरी काढली. पोरं शर्ट छातीशी धरून पळाली. ब्लेसन पळाला नाही. भिंतीलाच उभा होता, उघडा, माझ्याकडं बघत. त्याच्या पाठीवर एकही वळ नव्हता.

१५ सप्टेंबर

गेटवर कार्ड चाललं नाही. वॉचमन म्हणाला, "साहेब, आत सोडायचं न्हाई असं सांगितलंय." त्याच वॉचमननं मला खुर्ची दिली बसायला.

विश्वजीत पुण्याला दवाखान्यात. जबड्याला तार. शिरूरच्या पोलिसांत माझ्यावर तक्रार. मी सांगितलं, पोरांना मारत होते म्हणून मारलं. हवालदार म्हणाला, मग एक तरी पोरगं आणा तसं सांगणारं.

पहिल्या पोराच्या बापाला फोन केला. तो म्हणाला, "आमच्या पोराला काय बी झालेलं न्हाई. त्याला कंपनीत चिकटायचंय." मी शिव्या घातल्या. त्यानंही घातल्या.

मार्थाला सगळं सांगितलं. ती माझ्या सुजलेल्या हाताला हळद लावत होती, ती थांबली. "वीस वर्षं मला बोलला न्हाईस. आन् माझं पोरगं तिथं जाऊ दिलंस?" वाटी उचलून भिंतीवर फेकली. बरोबर केलं. मी फेकली असती तर माझ्याच डोक्यावर फेकली असती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भर दुपारी. दौंड स्टेशनच्या बाहेर भाजी घेत होतो. तिघं आले. दोघांना ओळखत नाही, तिसरा हौसराव. कॉलर धरून रिक्षाच्या मागं नेलं. हौसराव म्हणाला, "पाद्र्या, मला लई वाईट वाटतंय बघ," आणि लोखंडी नळी मनगटावर घातली. मी दुसऱ्या हातानं त्याचं नाक फोडलं. मग तिघांनी मिळून मला आडवा केला. वांगी सगळी तुडवली. माणसं उभी राहून बघत होती.

त्याचं रक्त इवाच्या अंगात आहे. मी त्याचं नाक फोडलं, त्यानं माझा हात मोडला. जाताना माझी चप्पल शोधून पायाशी ठेवून गेला.

२० सप्टेंबर

परवापासून डाव्या हातानं लिहितोय. बरगडी दुखते. इवाला व्रणाचं खरं सांगितलं. तिनं मागून हात लावून बघितला, म्हणाली, "मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. सायकलला बक्कल नसतं." मग रडली. मीही.

एक मात्र झालं. पोरगं वाचलं. नोकरी गेली, हात गेला, गेलं तर गेलं. त्याच्या पाठीवर वळ नाही. तो पोलिसांत माझ्या बाजूनं बोलेल. न बोलून सांगतो कुणाला? माझाच आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ब्लेसनचा फोन. "मामा, शिरूरला जबाब दिला. खरं तेच सांगितलं. साहेबांनी तुम्हाला हात लावला नव्हता, आधी तुम्हीच मारलं."

म्हटलं, खरं आहे.

मग म्हणाला, "आन् माझं राहिलं होतं. परवा मीच मेसमध्ये गेलो आन् शर्ट काढला. पहिला पट्टा हौसरावमामांनी मारला."